कोकणातला पूर आणि हवेत इंधन भरणारी विमानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, तळीयेवर दरड कोसळली. हवाई दलाकडे सी-१७ सारखी अवाढव्य मालवाहू विमानं आहेत, शिवाय उडत्या विमानाला हवेतच इंधन देणारी टँकर विमानंही आहेत. मग दोन्हींची सांगड घालून, कुठेही न उतरता, मदतीचा ओघ कोकणावर अखंड चालू का ठेवला जात नाही? आणि पुढच्या वेळी तसं व्हावं म्हणून गावकऱ्यांनी कोणती मागणी लावून धरावी?

हवाई दलात इंधन आणि मालवाहतुकीच्या नियोजनात माझी उमेदीची वर्षं गेली आणि आता मुक्काम दापोली तालुक्यात आहे. त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. आधी उत्तर सांगतो, मग हिशेब मांडतो. कोकणातल्या पुरात हवेतल्या टँकरचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. मालवाहू विमानाला दिल्लीहून इथवर येऊन परत जायला पुरेसं इंधन त्याच्या स्वतःच्या टाक्यांत असतं. अडतं ते शेवटच्या पन्नास-साठ किलोमीटरला, हेलिकॉप्टरच्या इंधनाशी. ते इंधन घाटाच्या अलीकडे, म्हणजे कोकणाच्याच बाजूला, कोरड्या जागी, पाऊस सुरू होण्याआधी साठवलेलं असेल तरच काम होतं. मागणी लावून धरायची असेल तर त्याची धरा.

आता टँकरविषयी. आपल्या हवाई दलाकडे आयएल-७८ जातीची सहा टँकर विमानं आहेत. ती २००३ पासून आग्र्याच्या ७८ स्क्वॉड्रनकडे आली. त्यांची पद्धत नळीची. पंखांखालच्या आणि शेपटीजवळच्या पॉडमधून लांब नळी मागे सोडली जाते, तिच्या टोकाला टोपलीसारखा ड्रोग असतो आणि मागून येणारं विमान आपल्या नाकाजवळचा प्रोब, म्हणजे पुढे आलेली ताठ नळी, त्या टोपलीत घुसवतं. सुखोई, मिराज, जग्वार, राफेल, तेजस ही आपली लढाऊ विमानं अशा पद्धतीने इंधन घेतात. सी-१७ ची रचना अगदी वेगळी आहे. त्याच्या डोक्यावर एक खाच असते आणि टँकरच्या शेपटीखालचा ताठ दांडा, म्हणजे बूम, त्या खाचेत येऊन बसतो. आपल्या आयएल-७८ ला बूम नाही, सी-१७ ला प्रोब नाही. एकाच हवाई दलाची, शेजारी उभी असली तरी ही दोन विमानं एकमेकांना हवेत थेंबभर इंधन देऊ शकत नाहीत. एएन-३२, आयएल-७६ या आपल्या जुन्या मालवाहू विमानांना हवेत इंधन घेण्याची सोयच नाही.

हे ऐकून लोक चिडतात, पण चिडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. टँकर घेतले ते लढाऊ विमानांचा पल्ला वाढवण्यासाठी. सी-१७ च्या पोटात सुमारे १ लाख ३४ हजार लिटर इंधन मावतं. त्याला भारतात कुठेही जाऊन यायला कोणाच्या उसन्या इंधनाची गरज पडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर हीच विमानं माणसं, कुत्री, अवजारं आणि फिरतं रुग्णालय घेऊन अदानापर्यंत गेली होती.

कोकणाचाच हिशेब करून बघा. गाझियाबादजवळच्या हिंडन तळावरून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत हवेतलं अंतर साधारण १,४५० किलोमीटर. सी-१३०जे हर्क्युलिस विमान हे अंतर अडीच-पावणेतीन तासांत कापतं. ताशी दोन-सव्वादोन टन इंधन धरलं तर जाऊन-येऊन बारा टनांच्या आसपास. वळसा, घिरट्या आणि पर्यायी विमानतळासाठी आणखी तीन टन धरा. विमानाचं रिकामं वजन सुमारे ३६ टन आणि नेहमीचं कमाल उड्डाणवजन सुमारे ७० टन. म्हणजे इंधन आणि माल मिळून ३४ टन हाताशी राहतात. त्यातून पंधरा टन इंधनाचे वजा केले तरी एकोणीस टन माल येतो, आणि या विमानाची माल उचलण्याची ताकद तितपतच आहे. परतीचं इंधन बरोबर आणूनही मालाची एक गोणी कमी करावी लागत नाही. हवेत इंधन भरून इथे काय मिळवणार? शिवाय मदत बहुतेक वेळा दिल्लीहून येतही नाही. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे आणि वडोदऱ्याहून रत्नागिरी हवाई मार्गाने जेमतेम सहाशे किलोमीटर.

मग इंधनाची ओढाताण होते कधी? मालवाहू विमान जिथे उतरणार तिथे इंधन मिळत नसेल आणि अंतर खूप असेल तेव्हा. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीच्या पोर्ट-ओ-प्रिन्स विमानतळावर नेमकं हेच झालं. धावपट्टी एक, ॲप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, लहान आणि विमानाचं इंधन नाही. प्रत्येक विमानाला परतीचं इंधन पोटात घेऊनच उतरावं लागत होतं. अशा ठिकाणी बूमवाला टँकर आणि बूम घेणारं मालवाहू विमान ही जोडी खरंच कामाला येते. विमान कमी इंधनात जास्त माल घेऊन उतरतं, रिकामं होऊन उडतं आणि वर गेल्यावर टँकरकडून परतीची बेगमी करतं. कोकणाच्या एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला गोवा आणि घाटमाथ्यापलीकडे पुणं. तिन्ही ठिकाणी इंधनाचे मोठे साठे आहेत. हैतीची अडचण आपल्याला लागू होत नाही.

हवामानाचाही विचार करा. हवेत इंधन देणं-घेणं हे डोळ्यांनी बघून करायचं काम आहे. दोन विमानं काही मीटरांच्या अंतरावर, सारख्या वेगाने, मिनिटांमागून मिनिटं स्थिर राहायला लागतात. त्याला ढगाबाहेरची शांत हवा लागते. जुलैत अरबी समुद्रावरून येणाऱ्या पावसाच्या ढगांचे थर कित्येक किलोमीटर उंच जातात आणि त्यांच्या पोटात गडगडाटी ढग दडलेले असतात. टँकरला जागा शोधत दख्खनवर किंवा पार समुद्रात आत जावं लागेल. आणि एवढं करून इंधन भरलेलं विमान खाली चिपळूणच्या लोकांसाठी काय करणार? एवढं मोठं विमान वाशिष्ठीच्या खोऱ्यात, ढगाखाली, डोंगरांच्या मधोमध घिरट्या घालू शकत नाही. माल टाकायचा तर पॅराशूटने, आणि पुराच्या पाण्यात, झाडामाडांत पडलेलं पॅराशूट कोणाच्या कामाचं?

कोकणात शेवटचं काम हेलिकॉप्टर आणि होडी करतात. छपरावरून माणूस उचलणं, दरडीपलीकडच्या वाडीत औषध पोचवणं, डॉक्टर उतरवणं ही सगळी कामं त्यांची. हेलिकॉप्टरला हवेत इंधन देता येतं का, तर काही देशांत येतं. पण त्यासाठी हेलिकॉप्टरला लांब प्रोब हवा आणि टँकर हळू उडणारा, पंख्याचा हवा. आपल्या एमआय-१७, ध्रुव किंवा चिनुक यांपैकी कशालाही तसा प्रोब नाही आणि आयएल-७८ सारखं जेट विमान हेलिकॉप्टरइतकं हळू उडूच शकत नाही.

तर मग पुढचा हिशेब हेलिकॉप्टरचा. सगळी मेख इथेच आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

एमआय-१७ व्ही-५ घ्या. मुख्य टाक्यांत सुमारे २,६०० लिटर इंधन, ताशी सातशे-आठशे लिटर खर्च, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कमाल उड्डाणवजन १३ टन, रिकामं वजन साडेसात टनांच्या घरात. उरलेल्या साडेपाच टनांत चालक दल, इंधन आणि माल बसवायचा.

समजा हे हेलिकॉप्टर गोव्याहून, दाबोळीहून चिपळूणला येतं. अंतर २४० किलोमीटर. एका बाजूला तासाभराहून थोडं जास्त, जाऊन-येऊन सव्वादोन तास. तीन तासांचं इंधन घेऊन निघालं तर चिपळूणवर काम करायला उरतो अर्धा-पाऊण तास. टाक्या भरलेल्या, म्हणजे दोन टनांहून जास्त वजन इंधनाचंच. माल तीन टन.

आता तेच हेलिकॉप्टर रत्नागिरीच्या विमानतळावर मुक्कामाला आहे, जिथे तटरक्षक दलाचं हवाई केंद्र आहे, आणि तिथे त्याच्यासाठी इंधन आहे असं धरा. चिपळूण तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. पंधरा-सतरा मिनिटांत पोचतं. जाण्या-येण्याचं आणि राखीव मिळून एक टनभर इंधन पुरतं. म्हणून माल चार टन नेता येतो. खेपेमागे एक टन जास्त, आणि गोव्याहून एक खेप होईतो इथून तीन होतात.

कोकणात हा फरक एरवीपेक्षाही मोठा ठरतो, कारण आपल्याकडे आभाळ उघडतं ते मोजक्या वेळासाठी. दिवसभर ढग सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या कातळपठारावर, टेकलेले असतात आणि मध्येच दोन तासांची उघडीप मिळते. ती उघडीप सुरू झाली हे रत्नागिरीत उभ्या असलेल्या वैमानिकाला डोळ्यांनी दिसतं. गोव्याहून निघालेला वैमानिक पोचेपर्यंत ती निम्मी सरलेली असते. पुण्याहून येणाऱ्याची गत आणखी वाईट. हवाई अंतर चिपळूणपर्यंत फक्त १२० किलोमीटर, पण मधे सह्याद्री. कुंभार्लीवर, आंबा घाटावर ढग बसले की हेलिकॉप्टरला ओलांडायची वाटच राहत नाही. २०२१ च्या त्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी घाट ओलांडायचा विचारही कोणी करू नये. म्हणून पुण्याचं अंतर नकाशावर कितीही कमी दिसलं तरी पावसाळ्यात ते धरून चालायचं नाही. खरी वाट समुद्राच्या कडेने, ढगाखालून, कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा तळावरून किंवा दाबोळीच्या आयएनएस हंसावरून. आणि या दोघांच्या मधोमध रत्नागिरी.

किती इंधन लागेल? चार एमआय-१७ रोज पाच-पाच तास उडतात असं धरा, जे पावसाळ्यात फारच झालं. ताशी ७५० लिटरने दिवसाला १५ हजार लिटर. हे एका बाऊजरचं इंधन आहे. विमानतळावर विमानाला इंधन देणारा तो टँकर-ट्रक तुम्ही पाहिला असेल. दिवसाला एक ट्रक! पाच दिवसांची मोहीम धरली तर पाच ट्रक. एवढ्यासाठी आभाळात शंभर टनांचा टँकर फिरवायचा विचारही करायला नको.

पण हा एक ट्रक मुंबईहून निघाला तर पोचेल का? त्या पुरात वाशिष्ठीवरचा महामार्गाचा जुना पूल खचला, परशुराम घाटात दरड आली, कुंभार्ली आणि आंबा घाट अडले, कोकण रेल्वे थांबली. रस्ता तुटल्यामुळे हेलिकॉप्टर हवं, आणि रस्ता तुटल्यामुळेच हेलिकॉप्टरचं इंधन येत नाही, असा हा पेच आहे. तो पूर आल्यावर सोडवायला घेतला तर सुटत नाही.

कोकणातल्या कुठल्याही घरात आगोटीची बेगमी मे महिन्यात होते. सुकी मासळी, कडधान्य, सरपण, पेंढा सगळं पहिल्या पावसाआधी माळ्यावर चढतं, कारण नंतर वाट बंद होणार हे आजीला ठाऊक असतं. विमानाच्या इंधनाचीही अशीच आगोट हवी. मेअखेरपर्यंत रत्नागिरी आणि चिपी इथे पाच-सहा दिवस पुरेल इतकं एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, राखीव ठेवायचं, नेहमीच्या वापरापासून वेगळं, कागदोपत्री आपत्तीसाठी म्हणून नोंदवलेलं.

इथे मात्र एक खबरदारी, आणि ती मी फार मनापासून सांगतो, कारण जीव त्याच्यावर टांगलेले असतात. साठवलेलं इंधन कोकणात बिघडतं. बिघडवतं ते पाणी. दमट हवेत टाकीच्या रिकाम्या भागात रात्री दव धरतं, ते खाली उतरून तळाशी साचतं, आणि इंधन व पाणी जिथे भेटतात त्या थरावर बुरशी वाढते. ती फिल्टरमध्ये जाते, गाळणी तुंबते, आणि उडत्या हेलिकॉप्टरचं इंजिन उपाशी राहू शकतं.

पत्र्याच्या २०० लिटरच्या पिंपात इंधन ठेवायची वेळ आली तर पिंप उभं ठेवायचं नाही. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, आतली हवा बाहेर पडते. रात्री गार होऊन आत ओढ बसते आणि झाकणाच्या आट्यांमधून वरचं पाणी आत शोषलं जातं. झाकण घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पिंप आडवं करायचं, खाली लाकडी ओंडके द्यायचे आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं फिरवायचं. मग बुचांच्या आतल्या बाजूला इंधन राहतं आणि हवा आत-बाहेर करू शकत नाही. वापरायच्या आधी पिंप उभं करून निवळू द्यायचं. जुना नियम असा की फूटभर उंचीच्या इंधनाला तासभर. हातपंपाची नळी तळापासून दोन इंच वर ठेवायची, म्हणजे तळचं पाणी आणि गाळ तिथेच राहतो.

मग नमुना. काचेच्या स्वच्छ बरणीत लिटरभर इंधन घ्यायचं, गोल फिरवून भोवरा करायचा आणि उजेडात धरून बघायचं. ते लख्ख आणि नितळ दिसलं पाहिजे. तळाशी भोवऱ्याच्या टोकाखाली एखादा पाण्याचा थेंब फिरताना दिसला, किंवा ढगाळ वाटलं, की थांबायचं. डोळ्यांना न दिसणारं पाणी ओळखायला छोटी कॅप्सूल असते. सिरिंजने तिच्यातून इंधन ओढलं की पाणी असल्यास पिवळा रंग हिरवट-निळा होतो. आणि नळी जोडण्याआधी बाऊजर आणि हेलिकॉप्टर तारेने एकमेकांना जोडायचे, म्हणजे घर्षणाची वीज ठिणगी पाडत नाही. पाऊस पडत असताना टाकीच्या तोंडावर ताडपत्री धरायला दोन माणसं लागतात. ही सगळी कामं तालुक्याच्या ठिकाणी कोणालाही शिकवता येण्यासारखी आहेत, पण पुराच्या दिवशी शिकवता येत नाहीत.

तरीही साठा संपला आणि रस्ता बंदच राहिला तर? इथे मालवाहू विमानाचा खरा उपयोग आहे, आणि तुमच्या प्रश्नातल्या कल्पनेच्या तो बराच जवळ जातो. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात रस्ते वाहून गेले तेव्हा हवाई दलाने सी-१३०जे विमान धरासूच्या आखूड धावपट्टीवर उतरवलं आणि त्याच्या स्वतःच्या टाक्यांतलं हजारो लिटर इंधन खाली बाऊजरमध्ये काढून हेलिकॉप्टरांना दिलं. विमान हाच टँकर, फक्त देवाणघेवाण जमिनीवर. कोकणात हेच करता येईल. वडोदरा किंवा मुंबईहून येणाऱ्या हर्क्युलिसने परतीची गरज भागवून सहा-साडेसहा टन इंधन खाली दिलं, तर ते झालं आठ हजार लिटर. एका एमआय-१७ ची दहा तासांची उड्डाणं. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, हर्क्युलिसला ती भरपूर झाली.

पण त्यासाठी खाली एक रिकामा बाऊजर उभा हवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अडतं ते इथेच. विमान आलं, पोटात इंधन आहे, काढून घ्यायला भांडं नाही, म्हणून विमान तसंच परत गेलं, असं व्हायला नको. विमानाच्या तोंडाला बसेल असा जोड हवा, पंप हवा आणि मधे गाळणी हवी. विमानातून काढलेलं इंधन तपासल्याशिवाय दुसऱ्या विमानाला द्यायचं नाही हा नियम आणीबाणीतही मोडायचा नसतो. म्हणजे पुन्हा बरणी, कॅप्सूल आणि ते काम येणारा माणूस.

ॲप्रनचंही तसंच. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर काठमांडूत जगभरातली विमानं आली आणि उभं राहायला जागा नाही म्हणून कित्येकांना वरच घिरट्या घालून परत फिरावं लागलं. मग भाराने धावपट्टीला तडे गेले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला १९६ टनांहून जड विमानांना बंदी घालावी लागली. कोकणातल्या विमानतळांवर मोठी विमानं मोजकीच मावतात. सी-१७ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ५२ मीटर. ते एक येऊन बसलं आणि खाली मालाचे पॅलेट उतरवायला यंत्र नसलं, तर दुसऱ्या कोणालाही जागा उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मोठं विमान मुंबई, गोवा किंवा पुण्यापर्यंतच आणावं. रत्नागिरी आणि चिपीला हर्क्युलिस, एएन-३२ आणि आता आलेली सी-२९५ अशी मध्यम विमानं, एकेक करून, उतरवून लगेच मोकळी करावीत. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईचा विमानतळ बुडाला तेव्हा अरक्कोणमच्या नौदल तळाने भार उचलला. जवळचा बंद पडला तर दुसरा कोणता, हे आधी ठरलेलं असावं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं त्या दिवशी मुंबईचा विमानतळही काही तास बंद होता, हे विसरून चालणार नाही.

समुद्राकडूनही एक वाट आहे. नौदलाच्या जहाजावर हेलिकॉप्टरचं इंधन असतं, आणि जहाज किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटरवर उभं राहिलं तर तो तरंगता पंपच झाला. डेक खवळलेल्या समुद्रात इतका हलत असेल की उतरता येत नाही, तेव्हा एक जुनी युक्ती वापरतात. हेलिकॉप्टर जहाजाच्या बाजूला अधांतरी थांबतं, खालून नळी विंचने वर ओढून घेतं आणि उडता उडता टाकी भरतं. किनारपट्टीवर हवेत इंधन भरण्याचा खरा उपयोग कुठे असेल तर इथे. सगळ्या हेलिकॉप्टरांना तशी सोय नसते, आणि हवाई दलाचा वैमानिक ते रोज करत नाही. पण दाभोळ किंवा जयगडसमोर उभं असलेलं जहाज रस्त्यांवर अवलंबून नसतं, ही त्याची मोठी ताकद.

हेलिकॉप्टर उतरवायचं कुठे, याबाबत कोकणाला निसर्गाने एक देणगी दिली आहे. शाळेची आणि शहरातली मैदानं सखल, ती नेमकी पाण्यात जातात. पण प्रत्येक गावाच्या डोक्यावर सडा असतो. कातळाचा, सपाट, कठीण, पुराच्या कितीतरी वर. त्यातले चांगले सडे आत्ताच हेरून ठेवावेत. विजेच्या तारा किती लांब, मोकळे दगड आणि सुकं गवत साफ कोण करणार, खाली वाडीपर्यंत पायवाट आहे का, ढग टेकतो तेव्हा तो सडा दिसेनासा होतो का. शेवटचा प्रश्न गुराख्याला विचारा, तो नकाशापेक्षा बरोबर सांगेल. रत्नागिरी-राजापूरकडच्या ज्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत ते मात्र वगळा. तिथे हेलिकॉप्टर आणि पिंपं नेऊ नयेत.

पुढे नवे टँकर आले तर चित्र बदलेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एक केसी-१३५ टँकर भाड्याने घेण्याचा करार केला, पण तो वैमानिकांच्या सरावासाठी आहे. उद्या एअरबस ए-३३० च्या धर्तीचे टँकर आले तर आपत्तीत त्यांचा उपयोग वेगळ्याच कारणाने होईल. त्यांचं सगळं इंधन, सुमारे १११ टन, मुख्यतः पंखांत मावतं आणि आतली जागा माणसांसाठी व मालासाठी मोकळी राहते. दूरदेशी अडकलेल्यांना आणायला ते उत्तम. चिपळूणच्या छपरावरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आता मागणी काय करायची ते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची मान्सूनपूर्व बैठक एप्रिल-मेमध्ये होते. तिथे लोकप्रतिनिधींमार्फत किंवा स्वतः पत्र देऊन हे विचारा. रत्नागिरी आणि चिपीला हेलिकॉप्टरसाठी राखीव एटीएफ आज किती लिटर आहे, आणि ते किती हेलिकॉप्टरांना किती दिवस पुरेल? रिकामा बाऊजर, जोड आणि गाळणी कुठे आहे, शेवटची कधी चालवून पाहिली? परशुराम घाट बंद असताना चिपळूणच्या बाजूला इंधन पोचवायची दुसरी वाट कोणती ठरली आहे? हेरलेल्या सड्यांची यादी अक्षांश-रेखांशांसह शिक्रा आणि हंसा या तळांकडे पोचली आहे का? आणि मदत मागताना पत्रात विमानाचं नाव लिहू नका, काम लिहा. “सी-१७ पाठवा” असं लिहिलं की वरचा अधिकारी सी-१७ शोधत बसतो. “अमुक वाडीत ऐंशी माणसं, त्यात दोन बाळंतिणी, वाट तुटली, सड्यावर उतरता येतं” असं लिहिलं की कोणतं यंत्र पाठवायचं ते त्याला पाच मिनिटांत ठरवता येतं.

इंधनाचा नमुना तपासायला शिकलेली तालुक्यातली दोन माणसं कोण, त्यांची नावं आणि फोन नंबर नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आहेत का, हेही त्याच बैठकीत विचारा. नसतील तर जूनच्या पहिल्या आठवड्याआधी तटरक्षक दलाच्या केंद्रात दोन दिवसांचं प्रशिक्षण मागून घ्या. तेवढ्यात बरणी, कॅप्सूल, तार आणि हातपंप हाताळता यायला लागतात.